वरच्या गल्लीचा अर्ज

करुणाताईंनी आयुष्यात कुणाला दगड मारला नाही. गरजच पडली नाही. त्या अर्ज लिहीत.

सोयगावला सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेली बाई. कोणत्या शब्दाला साहेब जांभई देतो आणि कोणत्या शब्दाला खुर्चीत सरळ होतो, हे त्यांना तोंडपाठ. 'नम्र विनंती'वाला कागद फायलीत झोपतो आणि 'हेतुपुरस्सर'वाला कागद माणसाला उठवतो, असं त्या सुनेला, राजनंदिनीला, शिकवत. निवृत्त होऊन शहरात मुलाकडे राहायला आल्या आणि कॉलनीला फुकटचा वकील मिळाला. दिव्यांचा अर्ज, गटाराचा अर्ज, मोकाट डुकरांचा अर्ज, सगळे करुणाताईंच्या हातचे. डुकरं गेली नाहीत, पण महापालिकेच्या ऑफिसातला माणूस येऊन ती मोजून गेला, हेही काही थोडं नव्हे.

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर नसे, नाकात कायमचा मुक्कामाला असे. आणि कारणांना तोटा नव्हता. टीव्ही लावला की तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवरून जिवंत माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली. मोबाइल उघडला की कॉलनीच्या ग्रुपवर सकाळी देव, दुपारी द्वेष आणि संध्याकाळी पुन्हा देव. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, नाव कोणतं घ्यायचं यावरून क्रांती चौकात घसे फुटले. नळ तेवढा होता तसाच राहिला, आठवड्यातून एकदा, मंगळवारी पहाटे, पाऊण तास. पन्नास किलोमीटरवर समुद्रासारखं धरण आणि इथं माणसं तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय आणि कपबशी उरकतात. नवी पाइपलाइन येणार, येणार, हे ऐकून कान किटले होते. "पाण्यासाठी कुणी घसा फोडत नाही," त्या मुलाला, सत्यमला, म्हणत, "कारण पाण्याला शत्रू नसतो. शत्रू असला की लोकांना जोर चढतो."

हे वाक्य त्यांचंच होतं. तीन महिन्यांनी त्यांनाच त्याची लाज वाटायची होती.

पाणी सोडणारा लाइनमन रऊफ. ठेकेदाराकडे रोजंदारीवर, अकरा वर्षं याच भागात. मोटारसायकलला ती लांब लोखंडी चावी बांधून पहाटे साडेचारला यायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि कॉलनीच्या वरच्या-खालच्या दोन्ही गल्ल्यांतून एक चक्कर मारून "पानी आया, पानी आया" असं ओरडून जायचा. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी मयत, त्याला ठाऊक. मयत असली तर वार नसतानाही दहा मिनिटं सोडायचा. करुणाताईंचे यजमान गेले तेव्हाही सोडलं होतं.

तोच मार्चमध्ये दारात येऊन उभा राहिला होता.

"ताई, एक अर्ज लिखके देव ना. मेरेकू मराठी बोलता येतं, लिहिता नाय येत."

"कशाचा?"

"मोटारींचा. खालच्या गल्लीत घरटी मोटार हाय नळाला. लाइनमधून डायरेक्ट खेचतेत. आप्पासाहेबांच्या तर दोन. वर पानी चढंल कसं? मी गेल्या महिन्यात त्यांची एक मोटार काढली तर माझ्यावरच आवाज चढवला. तुमचा कागद साहेब वाचतात ताई. घर नंबर मी सांगतो, तुम्ही लिहा."

"लिहिते हं," असं म्हणून करुणाताईंनी त्याला चहा दिला होता. आणि लिहिलं नाही. कारण त्यांच्या स्वतःच्या दारात, चपलांच्या स्टँडमागं, सत्यमनं एक टिल्लू मोटार बसवली होती. रऊफनं ती पाहिली नसेल असं थोडंच? पण तो बोलला नाही. अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचा होता, बोलेल कसा? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे करुणाताईंना जमत नसे; म्हणून त्यांनी दोन्हीकडे पाहणंच सोडून दिलं.

मेच्या शेवटच्या मंगळवारी वरच्या गल्लीला थेंब आला नाही. नळ नुसता फुसफुसला आणि गप्प झाला. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्यांत पुतळाबाई राहायची. धनगराची बाई, तीही सोयगावकडची, चार शेळ्या आणि चार घरची धुणीभांडी. तिच्याकडे ना टाकी, ना मोटार. बुधवारी ती करुणाताईंच्या पायरीवर येऊन बसली.

"ताई, शेळ्यांनी रातभर वरडून जीव खाल्ला. माणसाला सांगता येतं, जनावराला काय सांगू?"

दुपारी आप्पासाहेब स्वतः वर आले. आप्पासाहेब म्हणजे खालच्या गल्लीतली तीन मजली इमारत, वर मुलींचं वसतिगृह, खाली अभ्यासिका, गंगापूरकडे पंचवीस एकर आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायची हौस. आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपलीच समजूत काढतोय.

"ताई, पाणी आलं नाही असं नाही. आलेलं पाणी गेलं. कुठं गेलं ते तुम्ही समजून आहात. त्यांच्यात सध्या लग्नं आहेत. रऊफ तिकडचाच. मी नाव घेत नाही, तुम्हीही कागदात नाव घालू नका. पण लिहावं तर तुम्हीच."

गल्ली गोळा झालीच होती. आठवडाभर पुरवलेलं पाणी संपलेलं, डोक्यावर ऊन, आणि कुणीतरी एक बोट दाखवलेलं. करुणाताई चिडलेल्या होत्या. ऑफिसावर, सरकारवर, टँकरवाल्यावर, टीव्हीवर, वर्षानुवर्षांच्या येणाऱ्या पाइपलाइनवर. इतका राग एका जागी बसवायला जागा हवी असते आणि जागा आयती समोर आली होती. मार्चमधला रऊफ त्यांना आठवला नाही असं नाही. आठवला, आणि त्यांनी त्याला बाजूला सारला.

त्या बसल्या आणि त्यांनी लिहिलं. "सदर कर्मचारी हेतुपुरस्सर आमच्या हक्काचे पाणी एका विशिष्ट वस्तीकडे वळवीत असल्याची नागरिकांची तीव्र भावना आहे." भावना आहे! एकतीस वर्षांची सगळी विद्या त्या दोन शब्दांत होती. आरोपाला पुरावा लागतो, भावनेला लागत नाही. आप्पासाहेबांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि लोकांनी "वा" म्हटलं. करुणाताईंना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

तासाभरात चौऱ्याऐंशी सह्या झाल्या. पुतळाबाईनं अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली. शुक्रवारी करुणाताईंनी स्वतः रिक्षानं जाऊन कागद दिला आणि पोच घेतली. सोमवारी ठेकेदारानं रऊफला कामावरून काढलं.

पुढच्या मंगळवारी शिवराज नावाचा नवा लाइनमन आला. कपाळाला टिळा, हातात तीच लांब चावी. ग्रुपवर त्याच्यासाठी हार-तुऱ्यांची चित्रं पडली. त्यानं व्हॉल्व्ह फिरवला आणि वरच्या गल्लीचा नळ पुन्हा फुसफुसून गप्प झाला.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'नवीन माणूस आहे, शिकेल हळूहळू.' त्याखाली बावीस अंगठे.

करुणाताईंनी ते वाचलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. शिकेल? रऊफला तीन दिवस दिले नव्हते कुणी! यानं कोणत्या वस्तीला वळवलं, ते कोणी विचारत का नाही? पायात चप्पल अडकवून त्या तशाच खाली निघाल्या. पहाटेची वेळ, रहदारी नाही, आणि त्या शांततेत त्यांना ती घरघर ऐकू आली. पहिल्या घराच्या कुंपणामागं. दुसऱ्या घराच्या तुळशीवृंदावनाआड. तिसऱ्या घरी पोत्याखाली. अख्खी गल्ली दळण दळायला बसल्यासारखी घरघरत होती. आप्पासाहेबांच्या फाटकाशी तर पायाखालची फरशी थरथरत होती. वर गच्चीतली टाकी भरून वाहत होती आणि ते पाणी पन्हाळीतून रस्त्यावर पडत होतं.

त्या परत वर आल्या, तेव्हा स्वतःच्या दारातूनही तोच आवाज येत होता. कोरडा, हवा गिळणारा. सत्यम मोटारीपाशी उकिडवा बसला होता.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

"आई, दोन मिनिटं. आलं तर थोडं ओढून येईल."

"आणि इथं आलं तर पुतळाबाईच्या नळाला काय येईल?"

सत्यमनं मान वर केली. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

रऊफच्या घरी जायचं म्हणजे त्यांना पत्ता विचारत जावं लागलं. अकरा वर्षं तो यांच्या दारात येत होता, त्याचं दार कुठं आहे हे कॉलनीत एकालाही माहीत नव्हतं. तो घराजवळच मेहुण्याच्या दुकानात कूलरच्या जाळ्या बदलत बसला होता. करुणाताईंना पाहून उठला, हात पुसले, स्टूल दिलं, पाणी दिलं. तांब्यातलं पाणी गढूळसर होतं, टँकरचं.

"इथं कधी येतं पाणी?" त्यांनी विचारलं.

"दसवे दिन, ताई. कभी ग्यारवे."

म्हणजे ही ती विशिष्ट वस्ती. रऊफनं वळवलेल्या पाण्यावर चैन करणारी. करुणाताईंनी तांब्या खाली ठेवला.

"रऊफ, तो अर्ज..."

"तुमचा हाय, मालूम हाय. साहेबांनी सगळ्यांच्या समोर वाचून दाखवला. पहिल्या लाइनलाच वळखलं मी. लई भारी लिहिला ताई." टोमणा असावा म्हणून त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. "एकच सांगा. मार्चमधी मी मागितला, तवा तुम्हाला टाइम नव्हता का?"

करुणाताईंकडे उत्तर होतं, पण ते चपलांच्या स्टँडमागं होतं.

"मी दुसरा अर्ज देते. सगळ्या मोटारींचा. तुला परत घ्यायला लावते."

"द्या," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "घरी कुणाला बोलू नका फक्त. अम्मीला सांगितलंय, बदली झाली. तिला वाटतं मी तिकडं सिडकोत पानी सोडतो."

दुसरा अर्ज त्यांनी एकटीनं लिहिला. त्यात भावना नव्हती. घर नंबर, मोटार कुठं लपवलीय, किती वाजता चालू होती, असं सगळं. पहिला क्रमांक स्वतःच्या घराचा. खाली लिहिलं, की यापूर्वीचा अर्ज चुकीच्या माहितीवर होता, रऊफ याचा काही दोष नाही, त्याला परत कामावर घ्यावं. सही एकच.

सत्यमला कळलं तेव्हा घरात जे भांडण झालं, तसं त्याचा बाप असतानाही कधी झालं नव्हतं.

"नळ तोडतील आपला! दंड करतील! या कॉलनीत राहायचंय आपल्याला, आई. आणि कुणासाठी? त्या विशिष्ट लोकांसाठी?"

करुणाताईंचा हात उठला आणि मधेच थांबला. शब्द त्यांचाच होता. स्वतःच्या हातानं घडवून, शाईत बुडवून बाहेर पाठवलेला. पोराच्या तोंडात मारून तो परत येणार नव्हता.

"त्याचं नाव रऊफ आहे," त्या म्हणाल्या. "तुझा बाप गेला तेव्हा आंघोळीला पाणी त्यानं सोडलं होतं. नाव घे त्याचं."

सत्यमनं नाव घेतलं नाही. राजनंदिनी ओट्याशी पाठ करून उभी होती, तिनंही नाही.

सोमवारी महापालिकेचं पथक आलं. एक साहेब, दोन माणसं आणि पाइप कापायची करवत. करुणाताई सकाळपासून पायरीवर बसून होत्या. खालच्या गल्लीपासून सुरुवात झाली. एकेक कुंपण, एकेक तुळस, एकेक पोतं. कुठंच काही नाही. अंगणं कशी आरशासारखी लख्ख. आप्पासाहेबांनी तर पथकाला स्वतः आत नेऊन जिन्याखालची अडगळसुद्धा दाखवली आणि ताक पाजलं. ऑफिसातून त्यांना आदल्या दिवशीच फोन आला होता. मग करुणाताई ज्यात नव्हत्या अशा एका वेगळ्या ग्रुपवर निरोप फिरला होता, की उद्या पाहुणे येणार आहेत, घर आवरून ठेवा.

"माझ्याकडे या," करुणाताई ओरडल्या. "माझ्याकडे आहे! या, दाखवते!"

त्यांनी चपलांचं स्टँड दोन्ही हातांनी ओढून बाजूला केलं. भिंतीत चार भोकं होती. मोटार नव्हती. नळाला नवाकोरा पाइप बसवलेला होता.

त्यांनी सत्यमकडे पाहिलं. सत्यम मोबाइलमध्ये पाहत होता.

"साहेब, काल होती. ही भोकं बघा. पोरानं काढली."

"आई, काहीही काय बोलतेस," सत्यम हळूच म्हणाला.

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "ताई, एका महिन्यात तुमचेच दोन अर्ज. एकात लाइनमन चोर, दुसऱ्यात कॉलनी चोर. खरा कोणता मानू?"

"दुसरा. पहिला खोटा आहे."

"त्यावर चौऱ्याऐंशी सह्या आहेत."

"सह्या चौऱ्याऐंशी आहेत साहेब, अक्षर एकाच बाईचं आहे. माझं! खोटी तक्रार केली म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल करा. लिहून देते. आत्ता देते."

बघ्यांत कुणीतरी हसलं. आप्पासाहेब पुढं आले, त्या मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, ताईंचं वय झालंय. उन्हाचा त्रास होतो त्यांना. यजमान गेल्यापासून जरा..." आणि पुढचं वाक्य त्यांनी हातानं पुरं केलं. साहेबांनी समजुतीनं मान डोलावली. पंचनाम्यात ओळ पडली: कोठेही मोटार आढळून आली नाही.

करुणाताई पंचनाम्याचा कागद हिसकायला धावल्या, तेव्हा राजनंदिनीनं त्यांना मागून मिठी मारून धरलं. त्या किंचाळत होत्या, मला पकडा, मला पकडा, आणि गल्ली सोज्वळपणे बघत होती. त्यांना गुन्हेगार ठरवायला एक माणूस तयार नव्हता. का ठरवतील? ही बाई गुन्हेगार ठरली असती, तर रऊफ सुटला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे त्यांनी ऐकलं होतं. फाशी मागणाऱ्या चोराला ऊन लागलंय म्हणून घरी पाठवतात, हे पहिल्यांदाच पाहत होत्या.

दुसरा दिवस मंगळवारचा. पथक पाण्याच्या वेळेला पुन्हा येऊन धडकेल, या भीतीनं आप्पासाहेबांनी निरोप फिरवला होता की आज कुणीही मोटार लावायची नाही. शिवराजनं व्हॉल्व्ह फिरवला. खालच्या गल्लीत एकही घरघर नाही. आणि वरच्या गल्लीच्या नळांना पाणी आलं. नुसतं आलं नाही, धो धो आलं. करंगळीएवढी धार पाहायची सवय झालेल्या बाया मनगटाएवढी धार पाहून हसत सुटल्या. टोकाला पुतळाबाईनं पिंप, घमेलं, पातेलं भरलं, शेळ्यांना पाजलं आणि ओल्या लुगड्यानिशी करुणाताईंच्या दारात धावत आली.

ग्रुपवर तोवर पहिला निरोप पडला होता. 'तो गेला आणि पाणी आलं. आता तरी डोळे उघडा.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

"ताई, तुमच्या कागदानं पानी आलं वो!" पुतळाबाईचे डोळे भरले होते. "त्यो गेला आन् पानी आलं. म्हन्जी त्योच वळवत व्हता."

"पुतळाबाई, मोटारी बंद आहेत म्हणून आलं पाणी! पथकाला घाबरून बंद ठेवल्यात सगळ्यांनी. रऊफनं काही केलं नव्हतं. पाणी हे ओढत होते, तुझं पाणी मी ओढत होते, मी! या भोकांतून!"

पुतळाबाईनं भिंतीतली चार भोकं नीट पाहिली. ती खुळी नव्हती. तिला कळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आसंल ताई," ती म्हणाली. "पर त्यो गेला ते बरंच झालं की नाय?"

  आतून सत्यमनं हाक मारली, "आई, बादली लाव ना, वाहून चाललंय!" नळ फुल्ल सुटला होता, मोरी भरून पाणी उंबऱ्याशी आलं होतं. करुणाताईंनी पदर खोचला आणि बादली लावली. मग दुसरी लावली. मग हंडे, मग कळश्या. शेवटचं भांडं भरेपर्यंत त्या मोठमोठ्यानं शिव्या देत होत्या. गल्लीला वाटलं, रऊफला देताहेत, म्हणून गल्लीनंही त्यात आपल्या दोन घातल्या.